सही मुलाची, शब्द कुणाचा?

डिसेंबरचा पहिला बुधवार आला की अमेरिकेतल्या शेकडो हायस्कूलच्या जिममध्ये एक टेबल मांडलं जातं. टेबलावर तीन-चार टोप्या, मागे आईवडील, आजी, धाकटी भावंडं आणि समोर मोबाइल उंचावलेली गर्दी. सतरा-अठरा वर्षांचा मुलगा हात पुढे करतो, क्षणभर थांबतो, एक टोपी उचलून डोक्यावर चढवतो आणि अमुक विद्यापीठाचा फुटबॉलपटू होऊन जातो. (फुटबॉल म्हणजे इथला, लांबुळक्या चेंडूचा.) मी वीस वर्षं टेक्सासमध्ये राहतो. आमची मुलं याच शाळांत शिकली, शुक्रवारी रात्री याच मैदानांवर शाळेच्या बँडमध्ये उभी राहिली, त्यामुळे या टोप्यांवरून होणारं भांडण आमच्या मराठी घरांच्या जेवणाच्या टेबलापर्यंतही येतं. एक बाजू म्हणते, पोरं विकली गेली. परंपरा, निष्ठा, शिक्षण काही उरलं नाही, ज्याची थैली मोठी त्याच्या गळ्यात माळ. दुसरी बाजू म्हणते, बाजार आहे, बाजाराला ठरवू द्या. दरवर्षी तेच ऐकून मी थकलो आहे, कारण या दोन्ही बाजू एकच चूक करतात.

मुलानं पैशाकडे पाहून कॉलेज निवडलं की मनापासून, हा प्रश्न दुय्यम आहे. मला महत्त्वाचा वाटतो तो त्याला दिलेल्या शब्दांचा प्रश्न. प्रशिक्षक त्याच्या घरी येतो, आईच्या हातचं जेवतो, धाकट्या भावाशी खेळतो आणि सांगतो : मी इथेच राहणार आहे, तुला लवकर मैदानात उतरवणार आहे, तुझी पदवी पूर्ण करून घेणार आहे, तू आता आमच्या घरचा. यातलं जवळजवळ काहीही कागदावर येत नाही. कागदावर येतं ते मुलाचं बंधन, आणि खेळाडूंना स्वतःच्या नावाचे पैसे घ्यायची मुभा मिळाल्यापासून, म्हणजे २०२१ पासून, पैशाची रक्कम. बाकीची वचनं हवेत असताना ज्या एका वचनाला लेखी रूप मिळालं त्याच्याकडे पाहून मुलगा ठरवत असेल, तर त्याला लोभी म्हणणाऱ्यांनी आधी हे सांगावं की उरलेली वचनं इतकी वर्षं तोंडीच का राहिली?

फेब्रुवारी २०१५ मधली गोष्ट घ्या. जॉर्जिया राज्यातल्या माँटेझुमा नावाच्या छोट्याशा गावातल्या रोक्वान स्मिथ या लाइनबॅकरनं, म्हणजे बचावफळीतल्या खेळाडूनं, दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यासमोर लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाचे हातमोजे घातले. मुलगा देशाच्या दुसऱ्या टोकाला निघाला होता. ज्यांच्या हाताखाली तो खेळणार होता ते तिथले बचावफळीचे प्रशिक्षक जेफ उलब्रिक व्यावसायिक लीगमधल्या, म्हणजे एनएफएलमधल्या, अटलांटा फाल्कन्सकडे चालले आहेत, ही बातमी त्याच सुमारास फुटली. स्मिथनं सहीचा कागद विद्यापीठाला पाठवलाच नाही. पुढे त्यानं घराजवळचं जॉर्जिया विद्यापीठ निवडलं, आणि तिथेही फक्त शिष्यवृत्तीच्या करारावर सही केली. 'नॅशनल लेटर ऑफ इंटेंट' या नावाच्या पत्रावर त्यानं शेवटपर्यंत सही केली नाही. तेव्हा अनेकांनी नाकं मुरडली. मला तो त्या वर्षीचा सगळ्यात शहाणा मुलगा वाटला होता, आजही वाटतो.

कारण त्या पत्रात काय होतं ते वाचायला हवं. १९६४ पासून चालत आलेलं हे पत्र मुलाला विद्यापीठाशी बांधायचं, आणि त्यात स्पष्ट लिहिलेलं असायचं की तू संस्थेशी करार करतो आहेस, प्रशिक्षकाशी नाही. प्रशिक्षक सोडून गेला तरी तू बांधलेलाच राहशील. सोडून गेलास तर एक हंगाम गमावशील. ज्या माणसाच्या शब्दावर मुलानं घर सोडायचं ठरवलं, तो माणूस दुसऱ्या दिवशी विमानात बसू शकत होता. मुलगा मात्र नाही. हे पत्र ऑक्टोबर २०२४ मध्ये बंद झालं. साठ वर्षं ते चाललं, आणि त्या साठ वर्षांना आज लोक निष्ठेचा काळ म्हणतात.

हीच गोष्ट शिष्यवृत्तीची. १९७३ मध्ये कॉलेज क्रीडा संघटनेनं, म्हणजे एनसीएएनं, शिष्यवृत्ती एकेका वर्षाची केली. चार वर्षांची शिष्यवृत्ती देण्याची मुभा परत यायला २०१२ उजाडलं. मधली चार दशकं प्रशिक्षकाच्या मनातून उतरलेल्या मुलाची शिष्यवृत्ती पुढच्या वर्षी नुसती 'नूतनीकरण न करता' संपवता यायची. न्याय म्हणून सांगायला हवं की २०१५ मध्ये मोठ्या लीगांनी स्वतःहून नियम केला : केवळ खेळ खालावला म्हणून शिष्यवृत्ती काढायची नाही. चांगलाच नियम होता. पण तो होईपर्यंत किती पिढ्या त्या एका वर्षाच्या दोरीवर चालल्या याचा हिशेब निष्ठेबद्दल बोलणारे कधी करत नाहीत.

आता पैशाच्या युगातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण पाहू. मिशिगन राज्यातल्या बेलव्हिलचा क्वार्टरबॅक, म्हणजे संघाचं आक्रमण चालवणारा खेळाडू, ब्राइस अंडरवूड २०२५ च्या तुकडीत देशात पहिला मानला जात होता. जानेवारी २०२४ मध्ये त्यानं लुइझियाना राज्य विद्यापीठाला, एलएसयूला, शब्द दिला. नोव्हेंबरमध्ये तो फिरवून घरापासून जेमतेम वीसेक मैलांवरचं मिशिगन विद्यापीठ निवडलं. वृत्तांनुसार करार १ कोटी डॉलरच्या आसपासचा होता. 'पैशासाठी फिरला' असा गलका झाला. फिरला, हे खरंच. पण पुढे काय झालं? ऑक्टोबर २०२५ मध्ये एलएसयूनं मुख्य प्रशिक्षक ब्रायन केली यांना काढलं. डिसेंबर २०२५ मध्ये मिशिगननं आपले मुख्य प्रशिक्षक शेरोन मूर यांना काढलं. ज्या दोन माणसांमधून त्या मुलानं निवड केली, ते दोघंही त्याच्या निर्णयानंतर तेरा महिन्यांच्या आत आपापल्या जागेवर नव्हते. 'पैसे बघू नकोस, माणूस बघ' असा सल्ला त्याला मनापासून देणाऱ्यानं आता सांगावं, त्यानं कुठला माणूस बघायला हवा होता?

हे केली स्वतः नोव्हेंबर २०२१ मध्ये नोत्र दाम विद्यापीठ सोडून एलएसयूकडे आले, ते १० वर्षांच्या साडेनऊ कोटी डॉलरच्या करारावर. अलाबामा विद्यापीठाचे प्रशिक्षक निक सेबन यांनी जानेवारी २०२४ मध्ये निवृत्ती जाहीर केली, तेव्हा त्यांच्यासाठी म्हणून आलेल्या मुलांच्या सह्या होऊन तीन आठवडे झाले होते. सेबन यांना निवृत्त होण्याचा पूर्ण हक्क होता, केलींना नोकरी बदलण्याचाही. तो हक्क आपल्याला इतका स्वाभाविक वाटतो की त्यावर चर्चासुद्धा होत नाही. आणि प्रशिक्षकाला दिलेला शब्द किती पक्का असतो तेही पाहा. टेक्सास ए अँड एम विद्यापीठानं नोव्हेंबर २०२३ मध्ये जिम्बो फिशर यांना काढलं, तेव्हा विद्यापीठ त्यांना साडेसात कोटींहून अधिक डॉलर देणं लागत होतं. ते करारात लिहिलेलं होतं म्हणून. एकाच इमारतीत, एकाच मजल्यावर, एका माणसाचं वचन वकिलांनी लिहिलेलं असतं आणि दुसऱ्याचं स्वयंपाकघरात बोललेलं.

पूर्वी मुलं पैशाकडे बघत नव्हती, असं ज्यांना वाटतं त्यांनी १९२९ चा कार्नेगी फाउंडेशनचा अहवाल आठवावा. शंभरावर कॉलेजं तपासली गेली आणि त्यांतल्या बहुसंख्य ठिकाणी खेळाडूंना कुठल्या ना कुठल्या वाटेनं पैसे पोचत होते. आमच्या डॅलसमधल्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाची कथा तर टेक्सासमध्ये अजून हळू आवाजात सांगतात. फेब्रुवारी १९८७ मध्ये एनसीएएनं त्यांचा अख्खा हंगाम रद्द केला. १३ खेळाडूंना मिळून सुमारे ६१ हजार डॉलर दिले गेले होते. विद्यापीठाच्या नियामक मंडळाचे अध्यक्ष राहिलेले आणि नुकतेच टेक्सासचे गव्हर्नर झालेले बिल क्लेमंट्स यांनी मार्चमध्ये मान्य केलं की हे त्यांना माहीत होतं. आधीच शब्द दिलेल्या मुलांचे पैसे चालू ठेवायचे आणि नव्यांना द्यायचे नाहीत, असं ठरलं होतं. पैसा होताच, पण तो अंधारात होता. अंधारात असल्यामुळे मुलाला भाव कळायचा नाही, फसवणूक झाली तर दाद मागता यायची नाही, आणि उघड झालं की कलंक मात्र त्याच्याही कपाळी.

आणि 'घरच्या मातीशी निष्ठा' म्हणतात तिच्याबद्दल थोडं सविस्तर, कारण या वादात ती सगळ्यात सहज बोलली जाते. टेक्सासच्या बोमाँटचा बब्बा स्मिथ हा राक्षसी ताकदीचा मुलगा मिशिगन स्टेटला का गेला? त्याच राज्यातल्या ला पोर्टचा जीन वॉशिंग्टन का गेला? साउथ कॅरोलिनातल्या अँडरसनचा जॉर्ज वेबस्टर का गेला? कारण ते कृष्णवर्णीय होते आणि त्यांच्या घरच्या मातीतल्या मोठ्या विद्यापीठांची दारं त्यांना बंद होती. डफी डॉगर्टी या प्रशिक्षकानं दक्षिणेतून अशी मुलं उत्तरेला नेली, आणि १९६६ मध्ये नोत्र दामविरुद्धची ती १०-१० बरोबरी, जिच्याबद्दल म्हातारे अजून वाद घालतात, ती या मुलांनी खेळली. १९६७ मध्ये व्यावसायिक संघांनी कॉलेजमधून केलेल्या खेळाडूंच्या निवडीत बब्बा स्मिथ देशात पहिला निवडला गेला, आणि पहिल्या आठांत चौघं मिशिगन स्टेटचे होते. इकडे टेक्सास विद्यापीठाचा १९६९ चा राष्ट्रविजेता मुख्य संघ संपूर्ण गोरा होता. सप्टेंबर १९७० मध्ये सॅम कनिंगहॅमनं बर्मिंगहॅमला येऊन १३५ यार्ड धाव घेतली आणि त्याच्या सदर्न कॅलिफोर्नियानं अलाबामाला ४२-२१ हरवलं, तेव्हा कुठे दक्षिणेतल्या अनेकांचे डोळे उघडले. (अलाबामानं विल्बर जॅक्सनला त्याआधीच घेतलं होतं, हे त्या सामन्याच्या दंतकथेत नेहमी गळतं.) ज्या काळाची आठवण काढून आज मुलांना निष्ठा शिकवली जाते, त्या काळात निवड करण्याचा हक्कच कितीतरी मुलांना नव्हता. दूरच्या कॉलेजची टोपी उचलणारा मुलगा घराला विसरला, असं म्हणताना मला बब्बा स्मिथ आठवतो आणि शब्द तोंडातच राहतात.

विद्यापीठांनी स्वतः परंपरेचं काय केलं? १९८४ मध्ये ओक्लाहोमा आणि जॉर्जिया ही विद्यापीठंच एनसीएएविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात उभी होती. मागणी एकच : दूरचित्रवाणीचे हक्क आम्हाला हवे तसे, हव्या त्या दरानं विकू द्या. ७ विरुद्ध २ नं ती मान्य झाली. बाजार तिथून आला आणि तो संस्थांनी मागून आणला. १९१५ पासूनची पॅसिफिक किनाऱ्यावरची लीग २०२४ मध्ये फुटली, १२ पैकी १० विद्यापीठं बाहेर पडली. पॅसिफिकच्या काठावरचं स्टॅनफर्ड आज अटलांटिक किनाऱ्याच्या लीगमध्ये खेळतं. शंभर वर्षांची शेजारधर्माची नाती प्रक्षेपणाच्या पैशासाठी सोडणाऱ्या संस्थांनी अठरा वर्षांच्या मुलाकडून निष्ठा मागावी, हे मला पटत नाही.

आता माझ्या विरोधातला सगळ्यात वजनदार मुद्दा. मुलगा पैशाच्या मागे दरवर्षी कॉलेज बदलू लागला तर पदवीचं काय? श्रेयांक एका विद्यापीठातून दुसऱ्यात पूर्ण जात नाहीत, विषय बदलतात, मित्र तुटतात. २०२४ पासून कितीही वेळा बदली करून लगेच खेळता येतं. एनएफएलची वार्षिक निवड सात फेऱ्यांची, अडीचशेच्या आसपास जागांची. १३० हून अधिक मोठ्या संघांमधली हजारो मुलं तिथे कधीच पोचणार नाहीत. त्यांच्या हाती उरणार ती पदवी. हा मुद्दा मी पूर्ण मान्य करतो. आपण मराठी माणसं इथे आलो तीच एका पदवीच्या बळावर, तिचं मोल मला कुणी सांगायला नको.

पण पैसा नव्हता तेव्हा पदवी सुरक्षित होती का? नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठ ही देशातल्या नामवंत सरकारी विद्यापीठांपैकी एक संस्था. तिथे १८ वर्षं असे वर्ग चालले जे भरतच नव्हते. एक निबंध द्यायचा आणि गुण घ्यायचे. २०१४ च्या चौकशी अहवालानुसार ३,१०० च्या आसपास विद्यार्थी त्यातून गेले आणि त्यांतले जवळपास निम्मे खेळाडू होते. २०१७ मध्ये एनसीएएनं शिक्षा दिली नाही, कारण ते वर्ग इतर विद्यार्थ्यांनाही खुले होते. घरी येऊन आईला दिलेलं 'पदवी पूर्ण करून घेऊ' हे वचन तिथे असं पाळलं गेलं, आणि त्या मुलांना उघडपणे एक डॉलरही घेता येत नव्हता. पदवीची काळजी खरी असेल तर ती करारात लिहा : मुलगा खेळो न खेळो, जखमी होवो, बदली होवो, पदवी मिळेपर्यंतचं शुल्क ज्यानं त्याला आणलं त्यानं भरायचं.

लहान कॉलेजं लुटली जातील, हा दुसरा आक्षेप. तो निम्मा खरा आहे. प्रशिक्षक कर्ट सिग्नेटी जेम्स मॅडिसन हे लहान विद्यापीठ सोडून इंडियानाला आले आणि सोबत डझनभर खेळाडू घेऊन आले. जेम्स मॅडिसनच्या जागी मी असतो तर मलाही राग आला असता. पण तोच इंडियाना २०२३ मध्ये १२ पैकी ९ सामने हरला होता आणि २०२४ मध्ये ११ जिंकून राष्ट्रीय बाद फेरीत पोचला. व्हँडरबिल्टनं ऑक्टोबर २०२४ मध्ये अव्वल क्रमांकाच्या अलाबामाला ४०-३५ हरवलं, न्यू मेक्सिको स्टेटहून आलेल्या दिएगो पाव्हियाच्या जोरावर. आणि जुना काळ समतेचा होता असं समजणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं की सेबन यांच्या अलाबामानं २००९ ते २०२० मध्ये सहा राष्ट्रीय अजिंक्यपदं घेतली, तेव्हा मुलांना नावाचे पैसे घ्यायला बंदी होती. मोठ्यांकडे मोठा पैसा आजही आहेच, ते मी नाकारत नाही. ज्यानं घडवलं त्याला भरपाई मिळावी, हा उपाय जगाच्या दुसऱ्या फुटबॉलमध्ये अनेक वर्षं चालू आहे. फिफाच्या नियमांनुसार तरुण खेळाडू पुढे गेला की त्याला शिकवणाऱ्या क्लबला पैसे मिळतात. इथे तो विचारही कुणी गंभीरपणे करत नाही.

बाजारवाल्यांशीही माझं तितकंच भांडण आहे. 'बाजार ठरवेल' म्हणणाऱ्यांनी जेडन राशादाकडे पाहावं. या क्वार्टरबॅकनं डिसेंबर २०२२ मध्ये फ्लोरिडाच्या बाजूनं सही केली. समर्थकांच्या गटाशी झालेला करार १ कोटी ३८ लाख ५० हजार डॉलरचा होता, असं वृत्त होतं. तो करार मोडला. जानेवारीत मुलगा विद्यापीठाकडून मुक्त झाला आणि अ‍ॅरिझोना स्टेटला गेला, तिथून जॉर्जिया, तिथून सॅक्रमेंटो स्टेट. मे २०२४ मध्ये त्यानं फ्लोरिडाच्या प्रशिक्षकावर आणि इतरांवर फसवणुकीचा दावा लावला. पण बाजारात विकणारा आणि घेणारा दोघांना मालाची आणि भावाची माहिती असावी लागते, कराराला धनी असावा लागतो. इथे मुलाला शेजारच्या मुलाचा आकडा माहीत नसतो. एनएफएलमध्ये खेळाडूंची संघटना एजंटांना प्रमाणपत्र देते आणि त्यांचा वाटा तीन टक्क्यांवर जाऊ देत नाही. कॉलेजात संघटनाच नाही, तेव्हा काकाचा मित्रही एजंट. नॉर्थवेस्टर्नच्या खेळाडूंनी २०१४ मध्ये संघटना मागितली, २०१५ मध्ये राष्ट्रीय कामगार मंडळानं त्यात हात घालायलाच नकार दिला. आता जुलै २०२५ पासून विद्यापीठं थेट पैसे देतात, पहिल्या वर्षी प्रत्येकी सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरच्या मर्यादेत. आणि काही करारांत सोडून जाणाऱ्यानं भरपाई द्यायची अटही आली आहे. म्हणजे मुलगा निघाला तर त्यानं भरायचं, पण त्याला कर्मचारी मात्र म्हणायचं नाही.

आमच्या मित्रमंडळींना मी एवढंच विचारतो. तुमच्या मुलीला कॅम्पसवर नोकरी लागली आणि कंपनीनं म्हटलं, पगार तोंडी सांगतो, साहेब बहुधा राहतील, कामही बहुधा आवडीचं मिळेल, सही तेवढी आजच करून टाक. तुम्ही तिला सही करू द्याल? ऑफर लेटर हातात आल्याशिवाय आपण आधीच्या नोकरीचा राजीनामाही देत नाही. तीन ठिकाणी पॅकेज तोलून जिथे जास्त मिळालं तिथे आपण गेलो, त्यात आपल्याला काही वावगं वाटलं नाही. वावगं काही नव्हतंच. मग तोच हिशेब एका मुलानं, बहुतेकदा आपल्यापेक्षा कितीतरी कमी पैशाच्या घरातल्या मुलानं, गुडघा शाबूत आहे तोवर केला, तर त्याच्याकडे वेगळ्या नजरेनं का पाहायचं?

मला हवं आहे ते साधं आहे. एकच छापील नमुना, देशभर सारखा. त्यात प्रशिक्षकाच्या जाण्याचं कलम : मुख्य प्रशिक्षक गेला तर मुलगा त्या वर्षाच्या पैशांसह मोकळा. पदवीचं कलम. जखमेचं कलम. करारांचे आकडे, नावं झाकून, सर्वांना पाहता येतील अशी नोंद. सहीआधी विद्यापीठाचा नसलेला वकील. आणि हे सगळं ठरवायला टेबलाच्या पलीकडे खेळाडूंची संघटना.

हे अशक्य आहे असं सांगणाऱ्यांसाठी एप्रिल २०२५ मधली एक घटना. खेळाडूंची २८० कोटी डॉलरची थकबाकी आणि उत्पन्नातला त्यांचा वाटा ठरवणारा, एनसीएएबरोबरचा मोठा समझोता न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांच्यासमोर होता. त्यात फुटबॉल संघाची मर्यादा १०५ खेळाडूंची केली होती. समझोत्याला अजून मंजुरीही मिळाली नव्हती, तोच विद्यापीठांनी मुलांना कमी करायला सुरुवात केली. संघात आधीपासून असलेल्यांना, आणि हायस्कूलमधल्या ज्यांना जागेचा शब्द दिला होता त्यांनाही. विल्कन यांनी मंजुरी रोखून धरली : या मुलांचं काय ते आधी सांगा. मग याद्या करणं भाग पडलं. कुणाला जागेचा शब्द दिला होता आणि कुणाची जागा गेली, त्यांची नावं कागदावर आली आणि त्यांना १०५ च्या मर्यादेतून सूट मिळाली. ६ जून २०२५ ला समझोता मंजूर झाला. यादीतल्या मुलाला परत घ्यायचं की नाही, हे मात्र त्यात विद्यापीठांवरच सोडलेलं आहे.